तुझा ण, माझा न

"म्हण ना. पा-णी. जीभ वर लाव जरा."

अद्वैत हसत होता. आमचा टीम लीड, पुण्याचा. तमिळ मुलखातलं, सिरुसेरीतलं आमचं ऑफिस, शुक्रवारचा तास. 'एकमेकांकडून शिकूया, जवळ येऊया' असलं गोडगोड नाव त्या तासाला. त्या दिवशी पाळी माझी. टीममधल्या तमिळ पोरापोरींना रोजचं मराठी शिकवायचं होतं. मी हौसेनं उभी राहिले. चार माणसांत तोंड उघडायची इथली ती पहिलीच वेळ.

पहिलाच शब्द घरचा आला तोंडात. पानी. आई म्हणते तसा.

झालं! त्यानं मला थांबवलं आणि टेबलाभोवती एकेकाकडून 'पाणी' म्हणवून घेतलं. तमिळ पोरं ती, ण त्यांच्या जिभेवर जन्मापासून. खणखणीत म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "बघ, ह्या मद्रासी पोरांना जमतं आणि तुला नाही? तुमच्याकडे असंच बोलतात म्हणा."

तुमच्याकडे. म्हणजे कुणाकडे, ते मला बरोबर कळलं. मी नवीन आले तेव्हाच त्यानं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला. ओळख कसली करून घेतोय, माप काढत होता मेला.

आणि मला ण येतो हो! कॉलेजच्या हॉस्टेलात बाथरूमचा नळ सोडून घोकलाय मी. बाण, लोणी, कोण, आणि. कुणी हसू नये म्हणून.

शेजारची सेल्वी इंग्रजीत म्हणाली, "दोन्हीचा अर्थ एकच ना? मग तिचं चुकलं काय? आम्ही पाण्याला बोलीत 'तण्णी' म्हटलं की आमच्यातलेही काही जण नाक मुरडतात."

"अगं, मजा चाललीय," अद्वैत म्हणाला. "शिकतोय ना आपण एकमेकांकडून!" आणि पुन्हा मला, "हं, म्हण."

शिसारी आली. त्याच्या त्या मायाळू हसण्याची. 'जवळ येऊया'ची. त्या नळाखालच्या घोकंपट्टीचीसुद्धा. जीभ सवयीनं वर गेलीच होती. खाली आणली.

"न्हाई म्हननार."

"काय?"

"ऐकू आलं ना? न्हाई म्हननार."

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, पानी. खाली इंग्रजीत उच्चार. म्हटलं, हा माझ्या आईचा शब्द आहे, ह्यानंही तहान भागते. सेल्वीनं मोठ्यानं वाचला.

नंतर त्यानं मला बाजूला घेतलं. असं फटकून वागलीस तर टीमशी जोडली जाणार नाहीस, म्हणाला.

नको जोडूस. दर शुक्रवारी मी जानार. पाळी आली की उभी ऱ्हानार, बोलनार. ज्याला माझा न टोचतो त्यानं कानात बोटं घालावीत. जीभ मी आता कुनासाठी वळवनार न्हाई.