खोट्या आभाळाचा चहा

“वेधशाळा उठली का न्हाई अजून?”

मी अंगणात दात घासत होते. कुंपणापलीकडून आलेला हा प्रश्न माझ्याबद्दल होता, पण मला विचारलेला नव्हता. मामीने चुलीजवळूनच उत्तर दिलं, “उठली. पण अजून काही बोलली न्हाई.”

“मग बरं हाय,” शेजारची काकू म्हणाली. “धुणं वाळू घालते.”

कुरुंद्याला मामाकडे येऊन मला सहा दिवस झाले होते. ‘वेधशाळा’ हे नाव पडलं तिसऱ्या दिवशी.

माझं सगळं शिक्षण हिंगोलीला, इंग्रजी शाळेत. अनोळखी माणसाशी काय बोलावं ते सुचलं नाही तर हवेबद्दल बोलावं, असं आम्हाला तिथे शिकवलं होतं. हवा कुणाच्या मालकीची नसते, म्हणून कुणाला राग येत नाही. माझ्यासारख्या लाजऱ्या मुलीला हा नियम फार सोयीचा होता, आणि तो मी बरोबर घेऊन आले.

गावाबाहेरच्या माळावर आमच्या सगळ्या गल्लीची शिजवलेली हळद वाळत पडली होती. ती पंधरा-वीस दिवस उन्हात राहते. तेवढ्यात एकदा भिजली की काळी पडते, आणि वर्षाचं काम मातीत जातं. म्हणून तिच्याजवळ सतत कुणीतरी बसलेलं असतं. तिसऱ्या दिवशी मीही मामीबरोबर बसले. बायका बोलत होत्या, मी ऐकत होते. तासाभराने मामीने मला कोपर मारलं.

“बोल की काही. पोरगी मुकी हाय का, म्हणून इचारून राहिल्या.”

मी वर पाहिलं. रुमालाएवढा एक ढग होता. मी म्हणाले, “आज थोडं आभाळ आलंय, नाही का?”

‘थोडं’ आणि ‘नाही का’ कुणीच ऐकलं नाही. माझ्या शेजारची बाई उठून “आभाळ” म्हणून ओरडली. पुढच्या खळ्याने ते त्याच्या पुढच्याला दिलं, आणि शब्द गावात पोचलासुद्धा. माणसं ताडपत्र्या ओढत धावत आली. एकजण गळ्याभोवती न्हाव्याचं फडकं आणि अर्ध्या गालावर फेस घेऊन आला. त्याच्यामागे वस्तरा हातात घेऊन न्हावीही पळत होता, कारण त्याचीही हळद तिथेच होती. मामाने मोटारसायकल चालू ठेवूनच सोडली. दहा मिनिटांत माळावर हळदीची एक कांडी उघडी राहिली नाही.

मग सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. ढग विरून गेला होता.

“आभाळ म्हणलं कोण?” गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबांनी विचारलं. कुणी माझं नाव सांगितलं नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हा मला माळाचा कायदा कळला. आभाळ म्हणणाऱ्याने ताडपत्रीचं पहिलं टोक स्वतः धरायचं. आणि आभाळ खोटं निघालं, तर सगळ्या माळाला चहा पाजायचा. मी तीन दगडांच्या चुलीवर भल्या मोठ्या पातेल्यात चहा केला. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, “आभाळापेक्षा यातच पाणी जास्त हाय.” अर्ध्या दाढीवाल्याने तो अर्ध्या दाढीनेच प्यायला.

त्यानंतर मी तो शब्द तोंडातून काढायचं बंद केलं आणि बाकीचे कसा वापरतात ते पाहू लागले. मोबाइलमध्ये एक यादीच केली. ‘उकडून राहिलं’ हे कुणीही, कधीही म्हणू शकतं. त्यावर समोरचा ‘व्हय’ म्हणतो आणि पदराने वारा घेतो. ‘झाकोळलंय’ म्हटलं तर मान हलते, माणूस हलत नाही. आभाळ मात्र बसून कुणीच म्हणत नाही. आधी उठतात, मग म्हणतात. मामी तर आधी चप्पल घालते.

सातव्या दिवशी गल्लीत एका घरी बारशाचं जेवण होतं. अख्खी गल्ली मांडवात गेली. पुढच्या पंगतीला जाईन, असं सांगून मी राखणीला थांबले. लोकांत जेवण्यापेक्षा हळदीजवळ बसणं मला सोपं वाटत होतं. सोबतीला बाबा होते, पण ते पागोटं डोळ्यांवर ओढून घोरत होते.

आणि औंढ्याच्या बाजूने ते आलं. रुमालाएवढं नव्हतं. काळंभोर होतं, खाली वाकलेलं, आणि चालत नव्हतं तर धावत होतं. वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता.

मी एकटीने ताडपत्री ओढून पाहिली. ती मलाच ओढू लागली. मामीला फोन लावला, तर तो माझ्याच पायाशी, ती ठेवून गेलेल्या पिशवीत वाजला. बाबांना हलवलं. “चहा नगं,” ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी मांडवाकडे पळत सुटले. आत तीस-चाळीस माणसं जेवत होती, आणि वरच्या कापडामुळे कुणाला काही दिसत नव्हतं. मी मामीच्या कानाशी वाकले.

“मामी, झाकोळलंय.”

“व्हय का? बरं झालं, ऊन कमी होईल. बस, ताट घे.”

“मामा, वारं सुटलंय.”

“सुटू दे की. लेकराला पाणी द्या रे, पळत आलं काहून?”

कुणीतरी माझ्या हातात पत्रावळ दिली. कुणीतरी तिच्यावर बुंदी वाढली. शेजारची काकू म्हणाली, “वेधशाळेला वाढा पोटभर, आज गप हाय बिचारी.” सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी मांडवाचं कापड एकदा फुगून खाली बसलं. मामीची हळद अजून चार दिवस वाळायची होती. तिच्या हाताच्या रेषांत अजून पिवळा रंग होता, त्याच हाताने ती मला वरण घे म्हणत होती.

मांडवाच्या टोकाला एकजण माइकवर ‘दुसऱ्या पंगतीनं बसून घ्या’ म्हणत उभा होता. शाळेत बक्षीस घ्यायलासुद्धा मी कधी स्टेजवर गेले नव्हते. मी बुंदीची पत्रावळ त्याच्या हातात दिली आणि माइक घेतला. तो आधी शिट्टीसारखा वाजला, त्यामुळे सगळ्यांनी वर पाहिलं. यादीतले सगळे सोपे शब्द माझे वापरून झाले होते.

“आभाळ आलंय,” मी म्हणाले. “पहिलं टोक मी धरते. खोटं निघालं तर चहा माझ्याकडं.”