फोटोपुढचा वाढदिवस

मी एका रडक्या कोरियन सिनेमाचा एकटीनं सुखान्त केला आहे. दिग्दर्शकाला अजून कळलेलं नाही.

आई अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आयर्लंडमध्ये कॉर्कला आली होती. परतीला आठवडा उरला असताना तिनं मेथी निवडता निवडता जाहीर केलं, "आता काही मी पुन्हा येत नाही बाप्पा. लय दूर आहे. तुम्हीच या तिकडे."

झालं! पण आमच्या घराण्यात 'ये ना गं' असं सरळ म्हणायची पद्धत नाही. आम्ही आडून आडून सुचवतो. म्हणून मी तिला सिनेमाला न्यायचं ठरवलं. (याचा त्याच्याशी काय संबंध, असं माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, विचारलं होतं. मी ऐकलं नाही.) आमच्या इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये फिल्म क्लब भरतो. पोस्टरवर एक कोरियन आई आणि तिची मुलगी नूडल्स खात खदाखदा हसत होत्या. मुलगी परदेशात राहते, आई तिच्याकडे जाऊन मजा करते, आपल्या आईला आपोआप हुरूप येतो, असा माझा साधा सरळ बेत!

नूडल्स पहिल्या पाच मिनिटांतच संपले. मुलगी विमानतळावर निघाली आणि आई तिला म्हणाली, 'आता मागे वळून पाहू नकोस.' हे खाली इंग्रजीत लिहून येत होतं. माझ्या आईला इंग्रजी वाचता येतं, पण सबटायटल्स तिच्यासाठी थांबत नाहीत. त्यामुळे कानात भाषांतर करण्याचं काम माझ्याकडे होतं.

"काय म्हणून राहिली ती?"

"दरवर्षी उन्हाळ्यात तुझ्याकडे येईन म्हणतेय."

"मग काहून रडून राहिल्या दोघी?"

"आनंदानं गं!"

आईला ते पटलं. ती खुदकन हसली. हॉलभर लोक नाकं पुसत होते आणि मधोमध आमच्या मातोश्री प्रसन्न बसल्या होत्या! शेजारच्या आयरिश बाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. पुढे मुलगी परदेशातून फोन लावते, लावतच राहते.

"आई फोन उचलून नाही राहिली?"

"तिकीट काढायला गेलीय!"

"वा!" आई पुन्हा हसली. तेवढ्यात माझ्या दुसऱ्या बाजूनं हुंदका आला. निखिल! त्याला सबटायटल्स व्यवस्थित वाचता येत होती.

"निखिलरावांना काय झालं?"

"सर्दी."

"सकाळी तर चांगले होते."

"इथली सर्दी अशीच येते, अचानक!"

आणि मग पडद्यावर आला फोटो. फ्रेममधली तीच आई. पुढे भात, मासा, फळं, उदबत्ती. मुलगी जमिनीला डोकं टेकून नमस्कार करत होती.

"वाढदिवस आहे," मी घाईघाईनं म्हटलं.

आईनं माझ्याकडे मान वळवली. "फोटोपुढे पान वाढलं. उदबत्ती लावली. अन् वाढदिवस? वर्षा, जन्मभर श्राद्धाचा स्वयंपाक केला मी! मेली ना ती?"

हॉलमधल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

"हो."

"कधी?"

"मघाशीच. फोन उचलत नव्हती ना, तेव्हा."

"अगं बाई! अन् मी हसून राहिली होती! लोक काय म्हणतील?"

मग आईनं राहिलेलं सगळं रडून घेतलं. विमानतळाचं, फोनचं, श्राद्धाचं, एकदम! शेजारच्या बाईंनी टिश्यूचं अख्खं पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. "यू आर ग्रँड, लव्ह," म्हणजे 'असू दे गं', असं म्हणाल्या आणि स्वतःच रडायला लागल्या. त्यांची लेक ऑस्ट्रेलियात असते, हे मध्येच त्यांनी मला सांगितलं. तेही मी आईला सांगितलं, आणि या वेळी खरं सांगितलं. दोघी एकमेकींचा हात धरून शेवटपर्यंत रडल्या. भाषांतराची गरज कुणालाच पडली नाही.

बाहेर पार्किंगमध्ये पाऊस होता. आई छत्री न उघडताच उभी राहिली.

"काहून खोटं बोलली?"

"तू पुन्हा येणार नाही म्हणालीस. त्यात ती बाई मेली. मला भीतीच वाटली."

"मग सरळ म्हण ना, ये म्हणून! तीन महिने झाले, एकदा तरी म्हणाली का?"

नव्हते म्हणाले. थर्मल दिले, गरम पाण्याची पिशवी दिली, किल्ले दाखवले, पण तेवढं म्हटलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "आई, ये ना गं पुढच्या वर्षी."

"येईन."

मी तिला घट्ट मिठी मारली. निखिलला पुन्हा सर्दी झाली. आईनं माझी पाठ थोपटली, पदरानं माझे डोळे पुसले आणि अगदी मायेनं म्हणाली,

"पण सिनेमाला मी निखिलरावांसोबत जाईन. तुझं इंग्रजी फार कच्चं आहे."