लाल दोऱ्याच्या दोन पिशव्या

३ जुलै १९९५ रोजी विजयमालाने घरबसल्या बी.एड. करण्यासाठी तीन हजार आठशे पन्नास रुपये भरले. म्हसवडच्या प्राथमिक शाळेत ती नऊ वर्षे शिकवत होती, बी.एड. झाले की हायस्कूलची जागा मिळणार होती. फीसाठी पाच कोकरे विकलेली सासू, हरणाबाई, भेटेल त्याला सांगे, "आमची सून मास्तरीण हाय, तरी आजून साळा शिकती."

मानसशास्त्राचा शेवटचा स्वाध्याय १४ डिसेंबर १९९६ ला, शनिवारी दुपारी दोनच्या आत सांगलीच्या अभ्यासकेंद्रात पोहोचायला हवा होता. नाहीतर परीक्षेला बसता येणार नव्हते. पोस्टाने वेळेत जाणार नव्हता आणि सकाळी शाळेची तपासणी होती. पण दर शनिवारी पहाटेच्या एसटीने तिचा दीर इंद्रजित याचा डबा सांगलीला जात असे. त्याच गाडीने स्वाध्यायाच्या वह्या धाडायचे ठरले. केंद्रातले कारकून दादासो म्हसवडचेच. त्यांनी स्टँडवर यायचे कबूल केले.

डब्याची आणि वह्यांची, दोन्ही पिशव्या हरणाबाईने एकाच जुन्या घोंगडीच्या शिवल्या होत्या. म्हणून विजयमालाने वह्यांच्या पिशवीला सिद्धनाथाच्या देवळातला लाल दोरा बांधला आणि कंडक्टरला बजावले, "लाल दोऱ्याची दादासोंना, दुसरी इंद्रजितला."

तपासणी उरकून ती घरी आली, तोच टेलिफोन बूथवाल्याने हाक मारली. सासूही तिच्या मागोमाग बूथवर आली.

"बाई," पलीकडून दादासो म्हणाले, "तुमचं मानसशास्त्र उघडलं. आत बाजरीच्या सहा भाकऱ्या आन् ठेचा हाय."

"दोरा बघितला का?"

"लाल हाय की."

विजयमालाने मागे वळून सासूकडे पाहिले. हरणाबाई शांतपणे म्हणाली, "तू देवाचा दोरा वह्यांला बांधलास. माझ्या ल्योकानं काय घोडं मारलं? डब्यालाबी बांधला."

विजयमाला बूथमधल्या स्टुलावर बसली आणि हसत सुटली. दीड वर्षाचे शिक्षण इंद्रजितच्या खोलीवर जेवणाची वाट बघत पडले होते, तिथे फोन नव्हता, दादासोंना केंद्र सोडता येत नव्हते, घड्याळात सव्वा वाजला होता, आणि तिला हसू आवरेना. सासूने पदराने तिचे डोळे पुसले. "आगं, रडतीस का हसतीस, एक कायतरी ठरव."

"दोन्ही, आत्याबाई."

दोघी तिथेच बसून राहिल्या. दोन वाजले. दोन वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

"वैनी, मी इंद्रजित. जेवाय बसलो तर पिशवीत वह्या. वरच्या वहीवर केंद्राचा पत्ता होता, तसाच रिक्षात बसलो. दोनाला दहा कमी असताना पोचलो बघा."

"घेतल्या का वह्या?"

"रजिस्टरला नोंद झाली, सही झाली. पर वैनी, दादासोंनी माझ्या चार भाकऱ्या खाल्ल्यात."

"तीनच," मागून दादासोंचा आवाज आला. "चवथी शिपायानं खाल्ली."

विजयमालाने रिसीव्हर सासूच्या कानाला लावला आणि स्वतः बूथच्या पायरीवर जाऊन पोट धरून हसली. बूथवाल्याला काही कळले नाही, तरी तोही हसला. हरणाबाई फोनमध्ये मोठ्याने विचारत होती, "ठेचा जमला व्हता का रं?"

मे महिन्यात परीक्षा झाली. जून १९९८ मध्ये विजयमाला हायस्कूलला रुजू झाली. पहिल्या दिवशी हरणाबाईने तिच्या पर्सला लाल दोरा बांधला.

इंद्रजितच्या रिक्षाचे अकरा रुपये त्या दिवशी दादासोंनी दिले होते. ते अजून द्यायचे आहेत.