‘ठिवलंय’चं इंग्रजी

पवार वकिलांचा फोन आला तेव्हा माझ्यापुढे एक मृत्युपत्र अर्धं झालं होतं.

“मॅडम, हातातलं बाजूला ठेवा. हेबियसचं काम आहे. पार्टी माझ्यापुढे बसलीय. पाचच्या आत कागद पाहिजेत.”

पावणेदोन वाजले होते. मी मृत्युपत्र मिटलं आणि निघाले.

मी भाषांतरकार आहे. नांदेडच्या कोर्टाजवळ एका खोलीत बावीस वर्षं हेच काम करते. पंचनामे, जबाब, खरेदीखतं, फेरफार. तालुक्याचं सगळं मराठीत चालतं, पण प्रकरण हायकोर्टात गेलं की प्रत्येक कागदाला इंग्रजी जोडावं लागतं. त्याखाली ‘भाषांतर खरं व बरोबर आहे’ असं लिहून मी सही करते. त्या सहीवर वकिलाचा विश्वास असतो. पक्षकाराला तर ती दिसतही नाही.

वकिलांच्या खोलीत प्रशिक बसला होता. वय सव्वीस, मूळ बिलोलीकडचा. लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. तिथंच अश्विनी कामाला होती. ती मुखेडकडच्या शेतकरी घरातली, घरची पंचवीस एकर काळी जमीन. हा बौद्ध. दोघांनी लातूरच्या विहारात लग्न केलं, नोंदणीही केली. चार महिने भाड्याच्या खोलीत संसार केला. मग तिच्या भावाचा फोन आला, आई पडली, पाय मोडला, ये. ती एका दिवसासाठी म्हणून एसटीनं गेली. त्याला आता सोळा दिवस झाले होते.

“पायाचं खरं होतं का?” मी विचारलं.

“तिची माय बाजारात दिसली म्हणतेत. चालत.”

पवार वकील झेरॉक्सला गेले. प्रशिक जरा पुढे सरकला.

“मॅडम, एक विचारू का? हेबियस कॉर्पस म्हंजी काय? मी नेटवर बघितलं. कॉर्पस म्हंजी बॉडी म्हणून राहिलेत. बॉडी म्हंजी…”

लॅबमध्ये काम करणारा माणूस. बॉडी हा शब्द तो रोज एकाच अर्थानं ऐकत असणार.

“तसलं काही नाही,” मी म्हटलं. “कॉर्पस म्हणजे देह. जिवंत माणसाचाही देहच असतो. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याला कोर्ट सांगतं, की त्या माणसाला सदेह आमच्यापुढे हजर कर.”

“आन हेबियस?”

मला ते माहीत होतं. वजिराबादच्या एका रद्दीवाल्याकडून कधीतरी लॅटिनचा जाड कोश आणला होता. कायद्याचे शब्द नुसते उतरवण्यापेक्षा ते कुठून आले ते बघावं, अशी तेव्हा हौस होती. हेबियस हे क्रियापद आहे. मूळ रूप ‘हाबेरे’. जवळ असणं, धरणं, बाळगणं, ठेवणं. मानणं, समजणं हाही त्याचाच अर्थ. कोशात त्याला चार पानं दिली आहेत. रोमच्या आखाड्यात तलवारबाजाला वार लागला की लोक ‘हाबेत’ म्हणून ओरडायचे, म्हणजे बसला वार. विनोदी नाटकात मालक प्रेमात पुरता अडकला की नोकर हाच शब्द वापरायचा, गेला आता हा. एकमेकांची खुशाली विचारतानाही हेच क्रियापद, तू स्वतःला कसा बाळगतोस. आणि नाटकांतले रंगेल तरुण, काल अमकी कोणाकडे होती, हे विचारायलाही तेच वापरायचे.

आपल्याकडे असं एक क्रियापद नाही. आपण ‘मला बहीण आहे’ म्हणतो, ‘माझ्याजवळ चावी आहे’ म्हणतो. माणूस आणि वस्तू यांना आपण वेगळं बोलतो.

यातलं थोडंसं त्याला सांगितलं. ज्याच्याकडे ती आहे त्याला आणायला लावायचं, एवढाच अर्थ धर, म्हटलं.

तो म्हणाला, “मला ती माझ्याकडं आणून द्या, असं माझं म्हणनं न्हाई. तिला कुनी एकटीला बसवून विचारावं. बस.”

मग त्यानं मोबाइल पुढे केला. ती गेल्यानंतर नवव्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला होता. तो नंबर तिच्या मामाच्या सुनेचा निघाला. चारच वाक्यं.

‘मला मामाकडं ठिवलंय. फोन न्हाई. तू यिऊ नको. जेवत जा.’

त्यानंतर तो नंबर बंद. तिला अडकवून ठेवल्याचा पुरावा म्हणावा असं आमच्याकडे एवढंच होतं. बाकी सगळी प्रशिकची हकिगत.

इथून पुढे जे झालं ते माझ्या हातानं झालं.

पहिल्यांदा मी ‘ठिवलंय’ला सरळ ‘केप्ट’ लिहिलं. मामाच्या घरी मला ठेवण्यात आलं आहे. पुढचं लिहिलं, छापलं, वाचलं. आणि त्या शब्दापाशी अडले. इंग्रजीत बाईबद्दल ‘केप्ट’ म्हटलं की त्याला एक वास येतो. मराठीतही ‘ठेवलेली’ म्हटलं की येतो. माझंही माहेर बिलोलीचं; आमच्या गल्लीत एका बाईला जन्मभर तो शब्द चिकटला होता. बायका तिचं नाव घेत नसत, त्या शब्दानंच बोलत. तिचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही. नव्यानं लग्न झालेल्या, शिकलेल्या पोरीच्या तोंडी हायकोर्टात तो शब्द जावा, हे मला बरं वाटेना.

म्हणून मी तो बदलला. ‘पुट अप’ केलं. मामाच्या घरी माझी सोय केली आहे. वाक्य स्वच्छ झालं, इंग्रजी ऐटीत बसलं. मी सही केली आणि साडेचारला कागद दिले. पवार वकिलांनी घाईत वाचले आणि मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी अर्ज सुनावणीला आला. दुपारी वकिलांचा फोन.

“मॅडम, ‘पुट अप’ कोणी लिहिलं?”

“मीच.”

“सरकारी वकील उभे राहिले आणि तेवढंच वाचलं. म्हणाले, मुलगी मामाकडे उतरलीय. स्वतः लिहितेय, येऊ नको. वर नवऱ्याला जेवत जा सांगतेय. यात डांबून ठेवलं कुठं आहे? मी मराठी मेसेज पुढे केला. दोघांपैकी एका न्यायमूर्तींना मराठी वाचता येत नाही. ते म्हणाले, तुमचंच भाषांतर आहे ना, खाली खरं आणि बरोबर लिहिलंय.”

“मग?”

“नोटीस काढली. तीन आठवड्यांनंतरची तारीख. मी दोन दिवसांत हजर करा म्हणून मागितलं होतं. तातडी दिसत नाही म्हणाले.”

मी त्याच दिवशी दुरुस्त भाषांतर केलं, सोबत चूक कबूल करणारं प्रतिज्ञापत्र दिलं. ‘ठिवलंय’ या शब्दावर सहा ओळींची टीप लिहिली. मराठवाड्याच्या बोलीत माणसानं स्वतःबद्दल असं म्हटलं की त्यात त्याची मर्जी नसते, गुरं, दाणे, दागिने ठेवतात तसं ते आहे, वगैरे. टीप चांगली होती. ती फाईलला लागली. तारीख तीच राहिली.

प्रशिकला सांगणं भाग होतं. पवार वकील म्हणाले, कशाला, त्याला काय कळणार आहे. पण सही माझी होती. मी लातूरला गेले. जेवणाच्या सुटीत तो लॅबबाहेर आला. चहाच्या गाड्यापाशी उभं राहून मी सगळं सांगितलं. केप्ट काय, पुट अप काय, मला का लाज वाटली, तेही.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

“मॅडम, ठिवलंय म्हंजी ठिवलंय,” तो म्हणाला. “ह्याच्यात अवघड काय होतं?”

मी पिशवीतून दुरुस्त भाषांतराची प्रत काढून त्याच्यापुढे धरली.

“माझ्या मायला वाचता येत न्हाई. तिला मेसेज वाचून दाखवला तर ती नुसतं एवढंच म्हनली, कोंडलं रे पोरीला.” त्यानं गाडेवाल्याला दोन चहा सांगितले. “तुमी चहा घ्या. इतक्या लांबून आलाव.”

शिव्या दिल्या असत्या तर मी बसमध्ये जरा बरी बसले असते.

ते तीन आठवडे माझे कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. तिचे कसे गेले ते कुणालाच माहीत नाही. मामाच्या गावात प्रशिकच्या ओळखीचं कोणी नव्हतं. तो दोनदा जायला निघाला. दोन्ही वेळेस वकिलांनी अडवलं. तू गेलास तर ते तुझ्यावरच केस करतील, म्हणाले.

तारखेला पोलिसांनी तिला हजर केलं. मी गेले होते, मागच्या बाकावर बसले. ती बापाच्या आणि मामाच्या मध्ये चालत आली. हिरवी साडी, केस घट्ट बांधलेले. मी फोटोत पाहिलेली अश्विनी अंगानं भरलेली होती. ही वेगळी दिसत होती. न्यायमूर्तींनी तिला एकटीला आत बोलावलं, घरच्यांना बाहेर ठेवलं. जे करायला हवं ते त्यांनी केलं. दहा-बारा मिनिटांनी ती बाहेर आली.

प्रशिक दाराजवळ उभा होता. ती त्याच्या पुढून गेली.

“बघितलं का तिनं?” नंतर मी विचारलं.

“बघितलं. एसटीत वळखीचं मानूस दिसल्यावर बघतेत तसं.”

दोन दिवसांनी आदेश आला. इंग्रजीत, दीड पान. प्रशिकला त्याचं मराठी हवं होतं, आणि ते माझ्याकडूनच हवं होतं. मी नको म्हटलं, दुसरं नाव सुचवलं. तो म्हणाला, तुमीच करा, आता तुमी लई जपून करताव.

त्यात तिच्याबद्दल एकच वाक्य होतं. ती सज्ञान असून आपल्या आईवडिलांकडे स्वेच्छेनं राहत आहे आणि अर्जदाराकडे जाण्याची तिची इच्छा नाही, असं तिनं सांगितलं. सबब अर्ज निकाली.

मी मराठी करून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते वाक्य बोटानं दाखवलं.

“हे तिचं बोलनं हाय का?”

“ती जे बोलली त्याचा सारांश आहे.”

“ती स्वेच्छा म्हनत न्हाई. अर्जदार बी म्हनत न्हाई. ती मराठीतच बोलली असन ना?”

“हो.”

“मंग ती काय म्हनली? तिचा शब्द कोन्ता?”

ती मराठीत बोलली. ऐकणाऱ्यांनी ते मनात इंग्रजीत नेलं. टंकलेखकानं इंग्रजी उतरवलं. मी ते परत मराठीत आणलं होतं. मधे तिचे शब्द कुठे गळाले ते शोधायला जागाच नव्हती. ‘राहते’ म्हणाली का ‘राहीन’ म्हणाली, ‘जायचं नाही’ म्हणाली का ‘जाता येत नाही’ म्हणाली, ते आत बसलेल्यांशिवाय कुणाला कळणार नव्हतं. त्याला मी एवढंच म्हटलं, “मला माहीत नाही.”

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दिवाळीनंतर तिचं दुसरं लग्न झालं, निजामाबादकडे. पहिलं लग्न कायद्यानं मोडलेलं नव्हतं. पवार वकील म्हणाले, त्यावर दावा करता येईल. प्रशिक म्हणाला, “तिलाच पिंजऱ्यात उभी करतेन सायब. ऱ्हाऊ द्या.” तो अजून लातूरच्या त्याच लॅबमध्ये आहे. सकाळी सातला रक्ताचे नमुने घ्यायला सुरुवात करतो. पुन्हा लग्न केलेलं नाही.

‘केप्ट’ राहू दिलं असतं तर ती दोन दिवसांत कोर्टापुढे आली असती का, आणि तेव्हा काही वेगळं बोलली असती का? हे मी पवार वकिलांना एकदा विचारलं.

“असलं सिद्ध होत नसतं,” ते म्हणाले.

म्हणजे माझी निर्दोष सुटकाही होत नाही.

या धंद्यात नवीन येणारे माझ्याकडे कधीकधी शिकायला येतात. कोश कोणता घ्यावा, सॉफ्टवेअर कोणतं चांगलं, असं विचारतात. ते सगळं सांगते. मग एवढं आणखी सांगते, की कागदावरच्या एखाद्या शब्दाची आपल्याला लाज वाटली तर तो बदलू नये. लाज आपली असते, शब्द दुसऱ्याचा असतो.

बहुतेक जण ते लिहून घेत नाहीत.