आंदनातली खुर्ची

आमची पोरगी पुण्यात राहते. फोन करते, नाही असं नाही. पण जेवलात का, गोळी घेतली का, बरं, ठेवते, एवढंच. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली. तिकीट फाडतानाही मी लोकांशी याहून जास्त बोलत होतो. बायको गेल्यापासून फुलचूरच्या या घरात दिवसदिवस तोंड उघडत नाही. उघडून सांगू कोणाला? भिंतीला?

एक दिवस व्हिडिओ कॉलवर ती मध्येच ओरडली, "बाबा, थांबा! बाजूला सरका जरा. ती मागची खुर्ची दाखवा."

मला वाटलं पाल दिसली.

"ही आईची खुर्ची ना? इंग्रजांच्या काळातली वाटते हो! एकदा नक्की कळू द्या. खरंच तशी असेल तर मी स्वतः दिवाळीला गाडी घेऊन येते आणि घेऊन जाते. माझ्या हॉलमध्ये पाहिजे मला ती."

पुढचं मी ऐकलंच नाही. दिवाळीला येते, एवढं ऐकलं. तिच्या आईच्या तेरवीनंतर ती या घरात आली नव्हती.

खुर्चीची गोष्ट अशी. माझे सासरे नवेगाव बांधच्या तळ्याकाठी एका जुन्या बंगल्यावर खानसामा होते. बंगल्यातलं सामान बदललं तेव्हा ही मोडकी गादीची खुर्ची साहेबानं त्यांना देऊन टाकली आणि त्यांनी ती लेकीच्या आंदनात घातली. बाकीच्यांना लग्नात पलंग मिळाले, आम्हाला हा हत्ती. आमची एकच खोली होती तेव्हा. माझी माय म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" सासरे आमच्याकडे आले की खाली सतरंजीवर बसायचे. लेकीला दिलेल्या वस्तूवर बापानं बसायचं नसतं, म्हणायचे. बसायची ती बायको. रोज संध्याकाळी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत.

पुण्यात पोरीच्या ओळखीचा जुन्या लाकडी सामानाचा एक जाणकार होता. त्याचे निरोप तिच्यामार्फत सुरू झाले. खालून फोटो काढा, खिळे दाखवा, गादीच्या आत काय आहे ते बघा. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! खुर्ची शिसमाची, हे जड धूड. एकट्यानं उलटी करायला गेलो आणि कमरेत उसण भरली. दुसरी बाजू धरायला घरात माणूस नाही, हे तेव्हा फार लागलं. तिथंच जमिनीवर बसून रडलो मी. आधी खुर्चीचा राग आला, मग पोरीचा, मग बायकोचा. हिला जायची एवढी कसली घाई होती?

शेवटी गोंदियाच्या बाजारातून गादीवाल्याला आणलं. तो म्हणाला, "चाचा, ये सब निकाल के फोम डाल देता हूँ. एकदम नई हो जाएगी."

"नवी नको रे बाबा! जितकी जुनी निघेल तितकी चांगली."

त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हातारा सरकला म्हणून. पण काम नीट केलं. वरचं रेक्झिन काढलं तर खाली निघाली भाताची तणीस, नुसता पेंढा. स्प्रिंगा तुटल्या तेव्हा सासऱ्यांनी कोंबलेली असणार. झालं, म्हटलं, गेली दिवाळी. पण तणशीखाली काळ्या कुरळ्या केसांचा थर निघाला. "घोड़े का बाल है," गादीवाला म्हणाला. कडेच्या जुन्या खिळ्यांखाली चामड्याचे तुकडे अडकलेले होते. सगळ्याचे फोटो पाठवले.

उत्तर आलं: घडण साहेबांच्या क्लबातल्या खुर्चीची, हात इथल्या सुताराचा. पण वय सांगता येत नाही, कारण अशा नकला पुढंही पुष्कळ झाल्या. पायांना खालून भोकं आहेत, तिथं चाकं असणार. ती मिळाली तर नक्की सांगता येईल.

चाकं! ती कशी निघाली ते मला पक्कं ठाऊक होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, रात्री नाटक होतं, आणि राजाला सिंहासन म्हणून आमची खुर्ची नेत. पहिल्याच वर्षी राजा रागारागानं खुर्चीत आदळला आणि खुर्चीसकट घरंगळत थेट पेटीवाल्याच्या अंगावर गेला. लोक म्हणाले, वन्स मोअर. मंडळाच्या शहाण्यांनी आम्हाला न विचारता चाकं उपटली आणि सकाळी रुमालात बांधून परत आणून दिली. बायको काय भडकली! "तुमच्या राजाले बसता येत नाही, तं आमची खुर्ची काऊन मोडता?" पुढं नाटक कंपन्या आपलं सामान घेऊन यायला लागल्या आणि खुर्ची मागायला येणारेही बंद झाले.

सगळं घर पालथं घातलं. माळ्यावर बायकोच्या शिलाईच्या डब्यात चाकं सापडली, पितळेची. चिंच लावून घासली तर एकावर बारीक इंग्रजी अक्षरं उमटली. बायको गेल्यावर इतका आनंद मला पहिल्यांदा झाला. फोटो पाठवला आणि थेट बाजारात गेलो. चिन्नोर तांदूळ आणला. पोरीच्या खोलीला चुना मारला, गाद्या उन्हात घातल्या.

चौथ्या दिवशी तिचा फोन. "बाबा, अस्सल निघाली! त्या चाकांमुळं कळलं. शंभर वर्षांच्या वरची आहे." किंमत सांगितली. मी पुन्हा विचारली, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून.

"मग कधी निघतेस तू?" मी म्हणालो.

"बाबा, इतकी महागाची वस्तू गाडीवर दोरीनं बांधून कशी आणायची? नागपूरहून माणसं येतील, त्यांचं कामच ते आहे. तुम्हाला हातही लावावा लागणार नाही."

"अन् दिवाळी?"

"बघते ना. सुट्टीचं कठीण आहे यंदा."

चाकं सापडली नसती, तर एवढी किंमत निघाली नसती; कदाचित ती स्वतःच गाडी घेऊन आली असती. मीच माळ्यावर चढलो, मीच चिंच लावली.

माणसं आली. भली होती बिचारी. कापूस, पुठ्ठा, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक. तान्ह्या पोराला गुंडाळावं तशी गुंडाळली आणि उंबऱ्याला न लागू देता हळूच बाहेर काढली. बायकोलाही इतक्या हळू कोणी नेलं नव्हतं. टेम्पो गेला. मी दार लावलं आणि भात टाकला, एकट्याचा.

पोचल्याचा फोन आला. पोरगी खूश होती. "बाबा, एक ओरखडा नाही हो! किती छान नेलं त्यांनी."

"मग त्याईले सांगायचं होतं," मी म्हणालो, "म्हाताऱ्यालेही गुंडाळून आणा म्हणून."

ती हसली. खूप वेळ हसली. "बाबा, तुम्ही पण ना!" म्हणाली, आणि मग तिला मीटिंग होती.