गाडीचं तोंड रस्त्याकडे

मरोळच्या ज्या रस्त्यावर आमच्या सोसायटीचं गेट उघडतं, त्या रस्त्यावर माझा जुना राग आहे. मी शाळेत जायचे तेव्हा तो अगदी गरीब रस्ता होता. दुपारी त्याच्यावर म्हशी बसलेल्या असायच्या आणि रिक्षावाले त्यांना वळसा घालून जायचे. मग रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला, पलीकडे पूल आला. आता पुलावरून उतरलेली गाडी आमच्या गेटपाशी येते तेव्हा तिला ब्रेक नावाची गोष्ट असते याचाच विसर पडलेला असतो. फुटपाथ आमच्या कंपाउंडपाशी येऊन इतका बारीक होतो की त्याच्यावर मांजरसुद्धा जपून चालतं.

आमची इमारत तीन मजल्यांची. सगळी कुटुंबं सिंधुदुर्गातली, सगळ्यांचे वडील गिरणीतले. गिरण्या बंद पडल्यावर कोणी इथल्या कारखान्यांत लागलं, कोणी बँकेत शिपाई झालं, पण इमारत सुटली नाही. गेटमधून आत आलं की समोर मागची भिंत, आणि त्या भिंतीत गणपतीची छोटी घुमटी. तिच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावायची जागा. सगळ्या गाड्या भिंतीला नाक लावून, देवाकडे तोंड करून उभ्या. पहिल्यापासून हीच पद्धत. देवाकडे पाठ करायची नाही. त्यामुळे बाहेर पडताना प्रत्येकजण उलटा निघायचा, म्हणजे गाडीची शेपटी आधी रस्त्यात आणि ड्रायव्हर मागून.

ही पद्धत माझ्या बाबांनी घालून दिलेली. इमारतीतली पहिली गाडी त्यांची. जुनी घेतलेली, पांढरी, पण पहिली ती पहिलीच. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बाबांनी गाडी नाकासमोर नेऊन घुमटीपाशी उभी केली. "ती देवाकडे बघीत रवांदे," असं ते तेव्हा म्हणाले. लोकांना ते इतकं पटलं की पुढे जी जी गाडी आली ती तशीच लागली. बाबांना इमारतीत ड्रायव्हिंगमधला मोठा माणूस मानत. मीही मानायचे.

आता बाबा सत्तरीच्या पुढे आहेत. आई जाऊन दोन वर्षं झाली. बाबा आणि मी, दोघंच घरात. त्यांची मान आता पूर्वीसारखी वळत नाही. पण दर रविवारी ते चेंबूरला आत्याकडे जातात. आत्या अंथरुणाला खिळलेली आहे. तिला भावाच्या हातचंच माशाचं कालवण लागतं, आणि बाबांना ते आपल्या गाडीतून, मागच्या सीटवर डबा ठेवून, स्वतः न्यायचं असतं. टॅक्सीने नेलेलं कालवण आत्या खाणार नाही असं नाही. पण टॅक्सीने गेलेले बाबा बाबा राहणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी एका रविवारी ते असेच उलटे बाहेर पडत होते आणि पुलावरून पाण्याचे जार भरलेला टेंपो आला. टेंपोवाल्याने ब्रेक मारला, जार एकमेकांवर आदळले, आणि टेंपो बंपरला जेमतेम टेकून थांबला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अंकल, घर पे बैठो ना!" मी गॅलरीतून बघत होते. बाबा खाली उतरले, डबा सांडला नाही ना ते बघितलं, आणि गाडी पुन्हा आत घेतली. त्या रविवारी आत्याकडे कोणी गेलं नाही.

वाकोल्याला राहणाऱ्या धाकट्या भावाला हे कळलं तसा त्याचा फोन आला.

"ताई, चावी काढून घे. आज वाट लागली असती."

"चावी काढून घेऊ आणि बाबांना काय कपाटात ठेवू?"

"मग तूच सांग ना, काय करायचं? त्यांचं वय झालंय, यार."

"वय त्यांचं झालंय, पण वेग रस्त्याचा वाढलाय. आधी गेट नीट करू. मग बघू."

मी फोन ठेवला आणि कामाला लागले. रडत बसणं मला जमत नाही, आणि जमवायची हौसही नाही. रस्ता आपल्या हातातला नाही, गेट आहे. पहिल्यांदा मी समोरच्या खांबावर गोल आरसा लावून घेतला. झकास दिसत होता. दोन दिवसांत रिक्षावाले त्याच्यासमोर थांबून भांग पाडायला लागले, आणि आरशात लांब दिसणारा ट्रक प्रत्यक्षात दारात असतो हेही कळलं. मग मी गेटशेजारची बोगनवेल छाटली. तिच्यामागे गेल्या निवडणुकीच्या बॅनरची लोखंडी चौकट निघाली, तीही उपटली. एवढं झालं तरी उलट्या येणाऱ्या माणसाला यातलं काय दिसणार? तो तर पुढे देवाकडे बघत मागे येत होता.

मग मी सोसायटीची मीटिंग बोलावली. माझं म्हणणं सरळ होतं. गेट एका गाडीइतकं आत घ्यायचं, म्हणजे गाडी रस्त्यात न जाता गेटबाहेर थांबू शकेल. कंपाउंडच्या भिंतीचा रस्त्याकडचा कोपरा खाली उतरवून तिथे जाळी बसवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी आल्यावर गाडी कंपाउंडमध्येच वळवून उलटी लावायची. बाहेर पडताना तोंड रस्त्याकडे.

गेटला आणि भिंतीला कुरकुर करत का होईना, हो म्हणाले. शेवटच्या मुद्द्यावर तळमजल्यावरचे काका उठून उभे राहिले. ते सोसायटीचे अध्यक्ष. घुमटीतला दिवा रोज तेच लावतात.

"देवाकडे पाठ करून गाड्या लावायच्या? तुझ्या बापाशीनच घालून दिलेली पद्धत आहे ती."

"काका, पाठ गाडीची होईल, तुमची नाही."

"अगं, गणपतीसुद्धा जाताना घराकडे तोंड करून जातो! आपण त्याच्यापेक्षा शहाणे?"

मला राग आला की मी फार विचार करत नाही. "गणपतीला उचलून नेणारे चारजण रस्त्याकडे बघत असतात, काका," मी म्हणाले. "आपल्याकडे कोण बघतंय?"

दोन-चारजण हसले. काका बसले, पण हो म्हणाले नाहीत. मला वाटलं आता बाबा बोलतील. टेंपो तर त्यांच्याच गाडीला टेकला होता. बाबा खुर्चीत खाली मान घालून बसले होते आणि चष्मा पुसत होते. मीटिंग तशीच उठली.

घरी येऊन मी भांडी आपटली. बाबा टेबलाशी मोड आलेले वाल सोलत होते.

"तुम्ही एक शब्द बोलला नाहीत," मी म्हणाले. "तुमच्यासाठी भांडत होते मी. लोक म्हणतायत चावी काढून घ्या, आणि तुम्ही देवाकडे तोंड, देवाकडे तोंड करत..."

"ता देवाचा काय नाय," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी सोललेला वाल वाटीत टाकला. मग म्हणाले, "माका गाडी मागे घेवन आत लावक येय नाय होती."

मला आधी खरंच वाटेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांना सरळ चालवायला शिकवलं होतं. रिव्हर्सच्या वेळी स्टिअरिंग मास्तरच फिरवायचा. गाडी आणली त्या दिवशी सगळी इमारत कठड्यांवर जमली होती. तिथे चार वेळा पुढेमागे करून हसं करून घ्यायचं त्यांना धाडस झालं नाही. सरळ आत घातली, आणि तोंडातून देवाचं नाव निघालं. सरळ रेषेत मागे येत बाहेर पडणं त्यांना जमत होतं, रस्ता तेव्हा रिकामा होता. पुढे रस्ता भरला, पण तोवर पद्धत झाली होती.

मला हसू आलं. इतकी वर्षं आख्खी सोसायटी एका माणसाच्या लाजेपायी उलटी निघत होती आणि तिला धर्म म्हणत होती! मी मोठ्याने हसले आणि बाबांकडे बघून थांबले. ते हसत नव्हते.

"तू काकांका विचारलंस मां, आपल्याकडे कोण बघता," ते म्हणाले. "माझ्यासाठी तुझी आवस बघी होती."

ते खरं होतं, आणि मी ते रोज बघूनही कधी पाहिलं नव्हतं. बाबा गाडी काढायचे तेव्हा आई आधी गेटबाहेर जायची. रस्त्यात दोन पावलं पुढे होऊन हात वर करायची, येणाऱ्या गाड्यांना थांबवायची आणि बाबांना "येवंदे, येवंदे" म्हणायची. पिशवी असली की पिशवीसकट हात वर. मला ते तिचं बाबांना निरोप देणंच वाटायचं. ती गेल्यावर बाबा तसेच उलटे येत राहिले, फक्त मागे कोणी नव्हतं.

"शिकतलंय मी आता मागे घेवक," बाबा म्हणाले आणि पुढचा वाल घेतला.

दुसऱ्या दिवशी ते काकांकडे गेले. काय बोलले ते मला सांगितलं नाही. काकांनी मला जिन्यात गाठून एवढंच सांगितलं, "पद्धत त्याची. तो बदलतोय तर मी कोण?" लाजेचं बाबांनी त्यांना सांगितलं नसणार. मी आज इथे लिहितेय ते त्यांना विचारून. ते म्हणाले, "लिही, आता माका येता."

गेटचं काम चालू असताना आम्ही दुपारी सराव केला. सगळे जेवून आडवे झालेले असायचे. बाबा स्टिअरिंगवर, मी मागे. "येऊ द्या, येऊ द्या, आता डावीकडे कापा, बस!" पहिल्या दिवशी कुंडी फुटली. दुसऱ्या दिवशी बाबा माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडले, आणि काका खिडकीतून दोघांवर ओरडले. हळूहळू त्यांना आरशात बघून लावायची सवय झाली, मान वळवायची गरजच उरली नाही. गाडी घुमटीशेजारी पाठ लावून, गेटकडे बघत उभी राहायला लागली. बाबांना वाटलं तर ते आधी देवाला नमस्कार करून मग गाडीत बसायचे. हळूहळू बाकीच्यांनीही गाड्या फिरवल्या.

गेट आत गेलं, कोपऱ्यावर जाळी बसली, आणि पुढच्या रविवारी बाबांनी कालवण केलं. डबा मागच्या सीटवर ठेवला. मी त्यांच्या आधी खाली उतरले. का ते मी ठरवलं नव्हतं, पण मी गेटबाहेर गेले, रस्त्यात दोन पावलं पुढे झाले आणि हात वर केला. पुलावरून एक बस आली आणि हॉर्न वाजवत माझ्या अंगावरून गेल्यासारखी गेली. त्या जागेवर उभं राहिलं की किती भीती वाटते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

बाबांची गाडी नवीन गेटबाहेर येऊन थांबली. पूर्ण बाहेर, तरी रस्त्याच्या अलीकडे. ते पुलाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. काच खाली झाली.

"चेडवा, बाजूक हो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत होता. "माका दिसता. हयसर आता कोणी उभ्या रवाचा नाय."

मी बाजूला झाले. त्यांनी दोन ट्रक जाऊ दिले, एक रिक्षा जाऊ दिली, आणि रस्ता मोकळा झाल्यावर गाडी चेंबूरकडे वळवली.