अमरकंटकला सोडलेलं दूध

आईच्या पायातून चप्पल गळायला लागली तेव्हा आम्ही हसलो होतो. ती बाजारातून भाजी घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, "एक चप्पल गिरवी रखके भाजी लाई क्या?" एका पायात चप्पल होती, दुसरा पाय धुळीनं माखलेला. आईनं खाली पाहिलं तेव्हा कुठं तिला ते कळलं. तीही हसली. "घरंगळली असन कुठंतरी," म्हणाली आणि आल्या पावली शोधायला परत गेली.

बाबांचा जन्म बालाघाटच्या सरकारी कचेरीत हिंदी फायली लिहिण्यात गेला. निवृत्त झाले तरी त्यांचे विनोद हिंदीतूनच यायचे. आई त्यांना मराठीत उत्तर द्यायची आणि दोघांचं झकास चालायचं. मी लग्न होऊन गोंदियाला गेले होते. तेव्हा छोट्या लाईनची गाडी होती; तिच्यात खिडकीजवळ बसून, कोळशाचं नाही तर डिझेलचं काहीतरी डोळ्यात घालून घेत, मी महिन्या-दीड महिन्यानं माहेरी येत असे. कडेवर माझी मुलगी असायची. लग्नानंतर फार उशिरा झालेली. ही होणारच नाही असं सासरच्यांनी धरून ठेवलं होतं आणि तसं ते बोलूनही दाखवत होते, म्हणून आईला तिचं कौतुक जरा जास्तच. "इले चालाले येऊ दे," ती म्हणायची, "मंग मी बोट धरून वैनगंगेवर नेतो. तुले नाही नेणार. आम्ही दोघीच जाऊ." आमच्याकडच्या बायका 'नेतो', 'जातो' असंच म्हणतात.

एवढीच तिची हौस होती. नातीचं बोट धरून नदीपर्यंत चालत जायचं.

मुलगी चालायला लागली आणि आईचं चालणं बिघडलं. तळपायांना मुंग्या यायच्या, मग मुंग्या जाऊन तिथं काहीच उरलं नाही. "कापसावर पाय ठेवल्यासारखं लागते," असं ती सांगायची. जीभ लाल झाली, ठेचा खाणारी बाई वरणातल्या मिरचीनं डोळ्यांत पाणी आणू लागली. भाजीत मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. स्वभावही बदलला. जी कधी कोणावर ओरडली नव्हती ती बाबांवर चिडायची, आणि चिडून झाल्यावर एकटीच रडत बसायची. मी विचारलं की म्हणायची, "मले काय माहीत काहून रडून राह्यली मी."

आमच्या गावात प्रत्येकाजवळ एक निदान तयार असतं आणि ते फुकट मिळतं. एक डॉक्टर म्हणाले गॅस. दुसऱ्यांनी साखर तपासली, ती नव्हती, तर जरा नाराजच झाले. तिसऱ्यांनी मानेचा फोटो काढून मणके झिजलेत म्हणून गळ्यात पट्टा अडकवला. तो पट्टा घालून आई पोळ्या लाटायची आणि लाटलेली पोळी तिला दिसायची नाही. लांजीकडच्या एका नातेवाईकबाईनं लिंबू उतरवून चौकात टाकलं. शेवटी सगळ्यांनी मिळून टेन्शन ठरवलं. "टेन्शन कायचं मले?" आई म्हणाली. "पोरगी सुखात हाय, नात झाली. टेन्शन तर आधी होतं."

मला या सगळ्या निदानांची चीड यायची, पण माझ्याजवळही दुसरं काही नव्हतं. रोगाला नाव असलं की त्याच्याशी भांडता येतं. इथं आईच रोज थोडी थोडी कमी होत होती आणि कशानं ते कोणाला सांगता येत नव्हतं.

मग ती न्हाणीघरात पडली. चेहऱ्याला साबण लावला, डोळे मिटले, आणि उभ्या उभ्या कलंडली. खाली पाणी सांडलेलं नव्हतं, शेवाळ नव्हतं, पाय घसरला नव्हता. "डोळे मिटले का जमीन जाते," एवढंच ती सांगत होती. बाबा त्या दिवशी विनोद करायचे थांबले. फोनवर मला म्हणाले, "तू इसे ले जा. मेरे बस का नहीं." मी पुढच्याच गाडीनं गेले आणि तिला गोंदियाला घेऊन आले.

गोंदियात एक डॉक्टरीण होत्या. त्यांच्याकडे गर्दी कमी असायची, कारण त्या लवकर सोडत नाहीत अशी लोकांची तक्रार होती. त्यांनी फायलीतले सगळे फोटो आणि रिपोर्ट पाहिले, बाजूला ठेवले, आईचे तळपाय हातात घेऊन तपासले, तिला डोळे मिटून उभं करून पाहिलं आणि डुलायला लागताच धरलं. मग खुर्ची जवळ ओढली. "मावशी, मला तुमचा दिवस सांगा. उठल्यापासून. काय करता, काय खाता, सगळं."

आईला मजा वाटली असावी. इतक्या वर्षांत असं तिला कोणी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली. उठून सडा, मग चहा, मग देवपूजा, दोन पोळ्या आणि भाजी, दुपारी वरण-भात.

"मटण-मासे?"

"आमच्या घरात अंडंबी येत नाही, डॉक्टरबाई."

"चहात दूध किती?"

"कोरा पितो मी."

"आणि भातावर दही? ताक?"

"नाही."

"तूप? खवा, पेढा, काहीच नाही?"

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. कोरा चहा मला माहीत होता. त्यावरून बाबा तिला 'अंग्रेज मेमसाब' म्हणायचे आणि ती 'दुधानं गॅस होते मले' म्हणून वेळ मारून न्यायची. पण दही? ताक? मी आठवायला लागले आणि मला तिचं ताटच आठवेना. ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची. तिच्या ताटात काय असतं ते कोण पाहतं? कोजागिरीला ती पातेलंभर दूध आटवायची, वेलदोडे घालायची, सगळ्यांना पेले भरून द्यायची. सत्यनारायणाचं पंचामृत हातावर घेऊन डोळ्यांना लावायची आणि तुळशीत सोडायची. ते मी पाहिलं होतं. मला ती भक्ती वाटली होती.

"कधीपासून बंद आहे, मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लय वर्षं झाले. सोडलं मी."

"काहून?" हे मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"सांगत नसतात," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला नागपूरला पाठवलं, पण त्यांना उत्तर कळलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व. ते झाडापाल्यातून मिळत नाही, मांसाहारातून मिळतं, नाहीतर दुधातून. अंगात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. तो संपेपर्यंत माणसाला काही कळत नाही, आणि संपला की नसा वाळायला लागतात. त्या हळू आवाजात मला समजावत होत्या. आईनं मधेच विचारलं, "आता दूध घ्याच लागन का?"

"इंजेक्शनं देते. ती नेमानं घेतलीत तर दुधावाचूनही चालेल."

"त्या इंजेक्शनात तर दूध नाही नं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "नाही," म्हणाल्या. आईनं इतका मोठा सुस्कारा सोडला की मला तिचा राग आला.

सायकलरिक्षात बसल्यावर मी तिला सोडलं नाही. घर येईपर्यंत तिनं सांगितलं. काम झाल्यावर घरच्यांना सांगितलं तरी चालतं, म्हणाली, आणि काम झालं होतं. माझ्या लग्नाला तेव्हा तिनेक वर्षं झाली असतील. मोहल्ल्यातल्या बायकांची बस अमरकंटकला गेली होती. नर्मदेच्या उगमाशी, कुंडाच्या पायरीवर, पंडित प्रत्येकीला म्हणत होता, "माताजी, कुछ छोड़ के जाओ." तीर्थाला गेलं की आपली एक वस्तू सोडायची असते, ती पुन्हा जन्मभर खायची नाही. आमच्या शेजारणीनं कारलं सोडलं. दुसरीनं भोपळा. बायका हुशार असतात. माझ्या आईला साय-साखर म्हणजे जीव की प्राण. लहानपणी आम्हा दोघींत सायीवरून भांडणं व्हायची आणि ती खरोखर भांडायची. तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि दूध सोडलं. दूध आणि दुधाचं सगळं. माझ्या पोटी मूल यावं म्हणून.

"दोडके सोडायचे होते," मी म्हणाले. "लाल भोपळा सोडायचा होता. सगळ्या सोडतात तसं. दूधच सापडलं तुला?"

"जे आवडतच नाही ते सोडून नर्मदामाईले काहून फसवू?" ती म्हणाली. "अन् पावली नं माय? झाली नं तुले पोरगी?"

मी तोंड उघडलं होतं. मला सांगायचं होतं की माझी मुलगी नागपूरच्या एका दवाखान्यामुळे झाली. दोष नवऱ्यात होता, त्यांनी औषधं घेतली, वर्षभर आम्ही लग्नाकार्याची निमित्तं काढून नागपूरला जात होतो, आणि हे कोणाला सांगायचं नाही असं आमच्या दोघांत ठरलं होतं. पुरुषाचं असं कोणी बोलत नसे तेव्हा. वांझ म्हणून बोलणी मी खाल्ली, कारण मला ती सोसायला सोपी वाटली. मी आईला एका शब्दानं सांगितलं असतं, तिनं मला सांगितलं असतं, तर आम्ही दोघी सायीवरून अजून भांडत असतो.

रिक्षा रेल्वे फाटकाशी थांबली होती. आई माझ्या तोंडाकडे पाहत होती, उत्तराची वाट बघत. जीभ सोललेली, पाय बधिर, आणि चेहऱ्यावर केवढं समाधान. तिच्याजवळ आता तेवढंच होतं.

"हौ आई," मी म्हणाले. "पावली."

मी ते तिला पुढेही कधी सांगितलं नाही.

इंजेक्शनं सुरू झाली आणि थोड्या दिवसांनी मी तिला बालाघाटला पोचवलं. महिनाभरात जीभ बरी झाली आणि तिनं ठेचा मागितला. डोक्यावरचं मळभ गेलं. आमचा खलबत्ता कोणी नेला आणि परत केला नाही हे तिला आठवलं आणि तिनं बाबांना तो आणायला पाठवलं. बाबा इतके खूश झाले की बायकोची शिवी खाऊन बाजारात पेढे वाटायला निघाले होते. मला वाटलं, आता पायही येतील. डॉक्टरीणबाई पायांची खात्री देत नव्हत्या. बाबांनी रोज, आणि मी गेले की मी, मोहरीच्या तेलानं तिचे पाय चोळले. ती रोज सकाळी भिंत धरून चालायची, उन्हात बसायची, सांगितलेलं सगळं करायची. शहाण्या मुलीसारखी करायची. वर्ष गेलं. घोट्याच्या वर जाणीव परत आली. घोट्याखाली आली नाही. "फार उशीर झाला होता," डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, आणि मग आम्ही तो विषय काढला नाही.

पायांकडे बघितलं की तिला चालता यायचं. नजर उचलली की ती डुलायची. नातीकडे बघावं की पायाकडे, दोन्ही एकदम जमत नव्हतं. नदीवर माझी मुलगी बाबांचं बोट धरून गेली. परत येऊन तिनं आजीला पाण्याचं, नावेचं, सगळं सांगितलं, आणि आई "हौ का, अजून काय होतं?" असं विचारत राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मुलगी शाळेत जायला लागल्यावरची गोष्ट. उन्हाळ्याची सुटी संपली होती आणि आम्ही गोंदियाला परत निघालो होतो. ऑटो दारात उभा होता. आई ओसरीत खुर्चीवर बसून मान वळवून बाबांना आत सूचना देत होती, पापडाचा डबा वर ठेवा, लोणच्याची बरणी उभी ठेवा. मुलगी तिच्यासमोर बसली, दोन्ही हातांनी तिचे पाय धरले आणि त्यांवर डोकं टेकवलं. आजीच्या पाया पडताना ती घाई करत नसे. मग उठून पळत ऑटोत जाऊन बसली. आईचं पापडाचं चालूच होतं.

सामान गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "छोकरी पाया नाही पडली का आज? रागावू नोको तिले. लहान हाय."

"पडली नं आई. आत्ताच पडली."

"हौ?" तिनं खाली पाहिलं. "मले समजलं नाही." मग विचारलं, "डोकं टेकवलं होतं?"

"हौ. टेकवलं होतं."

ती वाकली आणि स्वतःच्या पायांवरून हात फिरवून पाहिला.